होडीची शाई कोणाची

१९८४चा ऑगस्ट. बोईसर स्टेशनजवळच्या, नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या अमोनिया प्रिंटच्या दुकानात पुठ्ठ्याच्या दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सुगंधा घाईत होती. चुकीची उचलून गेली.

कारखान्यातल्या आपल्या टेबलावर तिने ट्रेसिंगचा कागद उलगडला आणि तिचा हात थांबला. पंपाच्या नकाशाऐवजी समोर जवळच्याच माहीम गावची खाडी होती. काळ्या शाईतली एक होडी, तिच्यावर वाळत घातलेलं जाळं.

अर्ध्या तासाने एक तरुण धापा टाकत दारात आला. अंगावरचे कपडे चिंब. छत्री त्याने तिच्या नळीवर धरली होती.

"तुमचा पंप," तो म्हणाला. "आणि माझी होडी... भिजली नाही ना?"

"होडीच ती. भिजली तर काय बिघडलं?"

तो हसला. त्याचं नाव एकनाथ. मुंबईच्या एका कलासंग्रहात कामाला. चित्रकार दाजी चुरी यांना जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांच्या स्मृतीचं प्रदर्शन भरणार होतं. हे चित्र माहीमच्या हिरामावशीने दिलेलं. ती दाजींचा स्वयंपाक करायची. चित्र अस्सल की नक्कल, ते एकनाथने लिहून द्यायचं होतं. म्हणून तो नोंदीसाठी त्याची प्रत काढायला आला होता.

"होडीची ही दोरी बघा," तो टेबलावर वाकला. "इथून इथपर्यंत एका दमात ओढलीय. महिनाभर रोज बघतोय, तरी..."

सुगंधाने अर्ध्या ब्लेडने दुसऱ्या एका नकाशावरची चुकलेली रेघ खरवडली, ती जागा नखाने घासून गुळगुळीत केली. त्याची नजर तिच्या नखावर रेंगाळली— उगाचच, असं तिला वाटलं.

"हिरामावशीकडे आम्ही पूर्वी भाड्याने राहायचो," ती शेवटी म्हणाली.

"मग रविवारी वाट दाखवाल? तिच्यासमोरच सही करायचीय."

"बसला सगळी वाट ठाऊक असते."

पण रविवारी ती त्याच बसमध्ये खिडकीशी बसली होती.

हिरामावशीने चहा ठेवला. चित्र मुंबईला लागणार, हे तिने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. एकनाथने चित्र अस्सल असल्याचा दाखला पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

सांगितलं तर मावशीचं चित्र परत येईल. नाही सांगितलं तर या माणसाची सही खोट्याखाली पडेल...

"थांबा," सुगंधा म्हणाली. "दाजींचा हात कापायचा. पेन्सिलने तेच काढायचे. शाई... मी भरली. तेव्हा मी ट्रेसिंग शिकत होते."

"मंग?" हिरामावशी म्हणाली. "दोगांना चा मीच देत होती. चित्र कोणी दिला, एवढाच या सायबानं इचारला. कोणी काडला, ता कुटं इचारला? दाजी बोललेला, खाली तुजा बी नाव घाल. हीच लाजली."

एकनाथ सुगंधाकडे पाहत होता. "जाळ्यापाशी खरवडल्याची खूण आहे. दाजी चुकलेली रेघ कधी खोडत नसत. तुमच्या टेबलापाशीच मला संशय आला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर हा रविवार कुठून आला असता?"

"आणि मी बोलले नसते तर? सही केली असतीत?"

"टोपण काढलं खरं... हात कुठे चालत होता?"

"आता चित्र परत का रे?" मावशीचा आवाज बारीक झाला.

"नाही मावशी. दोन नावांनी लागेल." आणि सुगंधाला पूर्ण नाव विचारून त्याने सावकाश लिहिलं— पेन्सिल : दाजी चुरी. शाई : सुगंधा रामकिसन वाघमारे. सही केली. मग मान वर न करता म्हणाला, "महिनाभर मी या रेषेच्या प्रेमात आहे. ती तुमची निघाली... आता मी काय करावं?"

सुगंधाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बोल गो, चा निवतो," मावशी म्हणाली.

"परतताना आमच्या सरावलीला उतरा," सुगंधा म्हणाली. "आज सुट्टी आहे... बाबा घरीच असतील."