टोबीचं वॉलेट

रीसची आणि माझी गाठ पडली ती पावसामुळे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, होबार्टला, ऑगस्टच्या थंडीत पडतो तसा, बर्फाचे कण मिसळलेला पाऊस... मी बसची वाट बघत उभी होते, वाऱ्याने छत्री उलटी केली, म्हणून समोरच्या चर्चच्या हॉलमध्ये शिरले. आत लांबलचक टेबलांवर लोक एकमेकांचे टोस्टर, रेडिओ, शिलाई मशीनं दुरुस्त करत बसले होते. महिन्यातून एकदा तिथे हे काम फुकट चालायचं.

"काय बिघडलंय?" एका टेबलामागून आवाज आला.

उंच मुलगा, केस कपाळावर, स्वेटरच्या कोपराला भोक. हातात कुणाची तरी किटली.

"काही नाही. मी फक्त पाऊस थांबेपर्यंत..."

"मग बस. पण रिकाम्या हाताने बसलीस तर त्या तिकडच्या बाई तुला कप विसळायला लावतील. काहीतरी बिघडलेलं दाखव."

मी खिशात हात घातला. बोटाएवढी, इवल्या स्क्रीनची ती काळी वस्तू बरेच दिवस माझ्याबरोबर फिरत होती. मी ती टेबलावर ठेवली.

त्याचं हसू थांबलं. "क्रिप्टोचं वॉलेट आहे हे, बिटकॉइनची चावी ठेवायचं. तुझं?"

"भावाचं."

"मग त्यालाच पाठव ना."

"तो जूनमध्ये बुडाला."

त्याने किटली खाली ठेवली. वाईट वाटलं वगैरे काही म्हणाला नाही. फक्त शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

टोबी पाणबुड्या होता. ब्रुनी बेटापलीकडे तळाशी जाऊन खडकांना चिकटलेले शिंपले काढायचा. एका सकाळी खाली गेला... हवेची नळी वर आली, तो आला नाही. शोधूनही सापडला नाही. कमाईतला काही भाग तो बिटकॉइनमध्ये घालायचा आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. नंतर मोज्यांच्या खणात आईला हे वॉलेट मिळालं.

"पिन किती वेळा चुकला?" रीसने विचारलं.

"दोनदा. आईने टाकला. आधी त्याची जन्मतारीख, मग माझी."

"तिसऱ्यांदा चुकलात तर हे स्वतःला पुसून टाकेल. चोरांसाठी तशी सोय असते यात."

"आम्ही चोर नाही."

"त्याला कळत नाही ते." त्याने वॉलेट हातात घेतलं. "सुरू करताना हे चोवीस शब्द देतं. ते कागदावर लिहून ठेवायचे असतात. ते शब्द हातात असले, की मग हे यंत्र समुद्रात बुडालं तरी..."

त्याचे कान लालबुंद झाले. "माफ कर. मी... मूर्ख आहे."

आणि मला हसू आलं. जूननंतर पहिल्यांदा.

मग दर रविवारी तो केटरिंग गावात आमच्या घरी यायला लागला, शब्द शोधायला. टोबीची खोली, शेड, पुस्तकांची पानं, गिटारचं पोट... रीस प्रत्येक वस्तू उचलायचा आणि होती तिथेच परत ठेवायचा. दुपारी आम्ही धक्क्यावर बसून शिंपल्यांची करी भरलेली गरम पेस्ट्री खायचो. त्याच्या हनुवटीला करी लागायची आणि मी मुद्दाम सांगायची नाही.

"तू रोज एवढा प्रवास करून येतोस ते कागदासाठीच ना?" मी एकदा विचारलं.

"रोज कुठे? रविवारी."

"उत्तर टाळलंस."

"हो," तो म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला.

कागद मिळाला नाही. टोबी महत्त्वाचं सगळं बोटीवरच्या एका डब्यात ठेवायचा, आणि तो डबा टोबी बुडाल्यानंतरच्या वादळात वाहून गेला होता. आईने मग इंटरनेटवर एक माणूस शोधला. हरवलेलं वॉलेट उघडून देतो म्हणणारा. त्याला आधी पैसे हवे होते, आणि आईच्या बँकेची माहिती.

"लॉरेल, हा माणूस चोर आहे," रीस आईला म्हणाला. "असं कुणालाच उघडता येत नाही. आणि पुढे कधी शब्द सापडले, तर जो मागेल तो चोर समजा. मी मागितले तर मीसुद्धा."

"मग तुझा उपयोग काय रे?" आई म्हणाली.

"काहीच नाही."

आईने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये आईने ठरवलं, आता एकदाचं संपवायचं. स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. टोबी कोणता आकडा निवडेल? त्याच्या पहिल्या बोटीचा नोंदणी क्रमांक, असं मला वाटलं. आईला पटलं. मी एकेक आकडा टाकला आणि शेवटचं बटण दाबताना रीसने टेबलाखाली माझा हात धरला. पहिल्यांदाच.

स्क्रीन काळी झाली. मग पुन्हा उजळली आणि तिच्यावर अक्षरं आली – 'स्वागत आहे'.

नव्या यंत्रासारखं कोरं झालं होतं ते.

"म्हणजे गेलं?" आईने विचारलं.

"पैसे यात नव्हतेच, नेटवरच्या नोंदीत आहेत तिथेच आहेत," रीस हळूच म्हणाला. "कुणालाही दिसतात. फक्त हलवता येत नाहीत. आता कधीच."

"पोरासारखंच," आई म्हणाली आणि बाहेर वाळत घातलेले कपडे आणायला पावसात निघून गेली. ते कपडे दुपारपासून भिजत होते.

त्यानंतर मी रीसला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. मला वाटलं, शोधायचं काही उरलं नाही म्हणून तो आता येणार नाही. दिवस सरत नव्हते. मी ते कोरं वॉलेट फेकून द्यायला धक्क्यावर गेले आणि फेकता आलं नाही. तिथूनच त्याला फोन लावला.

"मला हे सुरू करायला शिकव."

"कशाला?"

"टोबीने हे केलं होतं, त्याच्या हातांनी. ते मला एकदा करून बघायचंय."

तो तासाभरात आला. टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवली आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला. पाठ माझ्याकडे.

"असा का बसलास?"

"आता शब्द दिसतील. ते मी बघायचे नाहीत. एकेक लिही, क्रमाने, नीट अक्षरात."

"फोटो काढते ना पटकन."

"अजिबात नाही. फोनमध्ये गेलेली गोष्ट कुठे कुठे जाईल, आपल्या हातात राहत नाही. कागदावरच. आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेव."

मी लिहू लागले. त्याची मान, भोक पडलेलं तेच स्वेटर... किती अवघडून बसला होता, तरी एकदाही वळला नाही.

"रीस, एक शब्द सांगू? फार गोड आहे."

"नको."

"एकच."

"ब्रिओनी, मी कानात बोटं घालीन."

त्याने खरंच घातली. मग त्याने सांगितलं, आधी थोडीशीच रक्कम पाठव. पाठवली. आली. आणि मग म्हणाला, "आता मुद्दाम तीनदा पिन चुकव."

मी वॉलेट खाली ठेवलं. "वेडा आहेस का?"

"पुसलं गेल्यावर कागदावरून परत आणता येतं का, हे आधीच बघायचं असतं. मोठी रक्कम ठेवण्याआधी. विश्वास ठेव... माझ्यावर नको. कागदावर."

मी चुकवला. तीच काळी स्क्रीन, तेच स्वागत. मग मी एकेक शब्द पुन्हा भरत गेले, शेवटचा भरला... आणि ती इवलीशी रक्कम परत आली. जशीच्या तशी.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढं सोपं होतं ते. शब्द असले की परत येतं.

त्याने अजूनही पाठ फिरवलेलीच होती. "वळू का?" त्याने विचारलं.

"कागद झाकलाय मी. वळ."

तो वळला, उठला आणि मला जवळ घेतलं. त्याच्या छातीतली धडधड माझ्या कपाळाला लागत होती.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "म्हणूनच फोन केला नव्हता. मी अंटार्क्टिकाला चाललोय. तिथल्या संशोधन तळावरची यंत्रं सांभाळायला, पुढचा अख्खा हिवाळा. करारावर सही मी तुला भेटण्याआधीच केली होती."

"जहाजाने?"

"जहाजाने."

आमच्या किनाऱ्यावरच्या मुलीला दक्षिणेचा समुद्र समजावून सांगावा लागत नाही.

डिसेंबरात होबार्टच्या नदीवरच्या बंदरातून जहाज सुटलं. आई म्हणाली होती, समुद्रावर जाणाऱ्याला निरोप द्यायला मी येणार नाही. मी एकटीच गेले. धक्क्यावर वारा होता, लोक फोटो काढत होते. रीस लाल जाकिटात ओळखूच येत नव्हता.

"वाट बघ असं म्हणणार नाही मी," तो म्हणाला. "तुझ्यावर आधीच खूप झालंय."

"तू नकोच म्हणूस. मी म्हणते." थांबले असते तर कधीच बोलले नसते. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, रीस. मला ते आवडत नाही. भीती वाटते. पण आहे."

त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात बर्फासारखे गार होते. "माझंही," तो म्हणाला. "त्या किटलीच्या दिवसापासून. येईन मी."

मग हाक आली आणि तो शिडी चढून गेला.

जहाज नदीच्या वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच होते. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं तेव्हा न बघताच मला कळलं.

"बोललीस?" आईने विचारलं.

"हो."

"मग? काय म्हणाला?"

"येईन म्हणाला."

आईने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "टोबीही रोज तेच म्हणून जायचा," ती म्हणाली.

तिने माझा हात हातात घेतला. आम्ही दोघी रिकाम्या नदीकडे बघत उभ्या राहिलो.