अंटार्क्टिकावरचं कडक ऊन

मनवाने पडद्यावरची ती ओळ तीनदा वाचली, तरी तिला अर्थ लागेना.

‘एटी९एसएम. ठिकाण : अंटार्क्टिका. आवाज फार क्षीण. तुटक शब्द कळले : पाणी दोन दिवसांचं... ऊन सोसत नाही.’

अंटार्क्टिकावर पाणी कसं संपेल? तिथे तर पायाखाली कोसभर जाडीचा बर्फ! आणि ऊन? एप्रिल संपत आला होता. म्हणजे तिकडे हिवाळा तोंडावर, सूर्य जेमतेम डोकं वर काढून बुडणारा. कुणीतरी थट्टा केली असावी, असं तिला वाटलं. पण ते दिवस थट्टेचे नव्हते.

बारा दिवसांपूर्वी, १४ एप्रिल २०६१ रोजी, पृथ्वीवर सौरवादळ (सूर्याकडून सुटलेला विद्युतभारित कणांचा प्रचंड लोंढा) आदळलं होतं. उपग्रह निकामी झाले. फोन गेले, इंटरनेट गेलं, बहुतेक बोटींची इंजिनं चालवणारे संगणक जळाले. दापोलीजवळच्या टेकडीवर डॉ. विश्राम केळुसकरांचं, म्हणजे मनवाच्या आजोबांचं, रेडिओ केंद्र होतं. वादळाची चाहूल लागताच आजोबांनी सगळ्या तारा उपसून ठेवल्या होत्या, म्हणून ते वाचलं. पुढचे तीन दिवस आकाश मुकं होतं. चौथ्या दिवशी हॅम मंडळींचे (हौसेने स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांचे) आवाज पुन्हा येऊ लागले.

या सगळ्यात मनवाच्या आईचा आवाज मात्र नव्हता.

मनवाची आई नीरजा समुद्री जीवांची अभ्यासक. लक्षद्वीपच्या टोकाला असलेल्या एका निर्जन बेटावर ती तिघा सोबत्यांसह प्रवाळ बघायला गेली होती. आठवड्याभराने बोट त्यांना आणणार होती. ती बोट बंदरातच बंद पडली. बेटावर पाणी होतं ते फार तर दहा-बारा दिवसांचं. त्यांच्याजवळ रेडिओ होता, आणि तो चालवायला सुहेल मुजावर नावाचा चोवीस वर्षांचा हुशार मुलगा होता. पण त्यांचं संकेतचिन्ह (प्रत्येक रेडिओ केंद्राला मिळणारं स्वतंत्र नाव) कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चिन्हाची परवानगी ऐन निघायच्या सकाळी हातात पडली होती आणि नीरजाने ते कळवण्याआधीच फोन बंद पडले.

आजोबांच्या केंद्रात एक क्लस्टर सर्व्हर होता. क्लस्टर म्हणजे रेडिओनेच एकमेकांना जोडलेल्या संगणकांचं जाळं. जगात कुणीही हॅमने कुणाला ऐकलं, की तो ‘अमुक चिन्ह, अमुक वेळी ऐकलं’ अशी एका ओळीची खबर जाळ्यात टाकतो. सर्व्हर त्या ओळीत ठिकाणाचं नाव घालून ती सगळ्यांना पाठवतो. दिवसाला तीन-तीन हजार खबरा. त्यामुळे आजोबांनी पहिल्याच दिवशी चाळणी लावली होती : फक्त भारत आणि अरबी समुद्र. बाकीच्या खबरा सर्व्हर साठवून ठेवी, पण दाखवत नसे.

रोज सकाळपासून मनवा त्या चाळणीतून येणाऱ्या ओळी वाचत बसे. भूक लागली तरी उठत नसे. आज दुपारी मात्र तिचा धीर सुटला. तिने चाळणी काढून टाकली आणि ती सगळ्या जगाच्या जुन्या ओळी वाचत सुटली. त्यातच तिला हे अंटार्क्टिकावरचं ऊन भेटलं.

“आजोबा, हे बघा ना.”

आजोबा चष्मा कपाळावरून खाली ओढत आले. त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाले, “हा तळ तर बंद झाला. नऊ वर्षांपूर्वी एक मोहीम गेली होती, तिचं हे चिन्ह. मीच नोंदवलं होतं.”

“मग आता कोण बोलतंय?”

आजोबा सर्व्हरकडे वळले. त्यांनी त्या चिन्हाच्या सगळ्या खबरा मागवल्या. पाच निघाल्या. पहिली वादळानंतरच्या चौथ्या दिवसाची, शेवटची दहाव्या दिवसाची. तीन मॉरिशसच्या विनय बालाजी नावाच्या शिक्षकांच्या, दोन मस्कतच्या कुणाच्या. बालाजींनी कडेला एक टीप टाकली होती : ‘अँटेना उत्तरेकडे, किंचित पूर्वेला वळवल्यावरच ऐकू येतं. आश्चर्य.’ मस्कतच्या खबरांतही दिशा दिली होती : आग्नेय.

“आजोबा,” मनवा हळूच म्हणाली, “मॉरिशसहून अंटार्क्टिका दक्षिणेला ना?”

आजोबांनी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. मॉरिशसहून उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कललेली एक रेघ. मस्कतहून आग्नेयेकडे दुसरी रेघ. रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे नकाशात निळ्या पाण्याखेरीज काही नव्हतं, फक्त एक ठिपका होता. तो मनवाने महिन्यापूर्वीच लाल पेन्सिलीने रंगवला होता.

आजोबांनी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. नीरजाचं बेट होतं ते.

“आई बोलवत होती,” मनवा म्हणाली. “आठवडाभर बोलवत होती. मग आपल्याला दिसलं का नाही?”

“सांगतो.” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “सर्व्हरला स्वतःहून काही कळत नाही, बाळा. चिन्ह आलं की तो शोधकोशात बघतो. शोधकोश म्हणजे एका बाजूला चिन्ह आणि समोर त्याची माहिती, असं पुस्तक. आधी तो पूर्ण चिन्ह जसंच्या तसं सापडतं का ते पाहतो. सापडलं तर समोर लिहिलेलं तो खरं मानतो. नाही सापडलं तर चिन्हाच्या सुरुवातीची अक्षरं जुळवतो, जेवढी जास्त जुळतील तेवढी. गाडीच्या पाटीवर नुसतं एमएच असलं तर महाराष्ट्र कळतं, एमएच शून्य आठ असलं तर रत्नागिरी कळते, तसं. ‘एटी’ ही अक्षरं भारताची. अंटार्क्टिकाचं हे पान कोशात नसतं ना, तर सर्व्हरने अक्षरं बघून ‘भारत’ म्हटलं असतं आणि चाळणीतून ती ओळ पहिल्याच दिवशी तुझ्यासमोर आली असती.”

“पण पान होतं.”

“होतं. मोहीम संपली, चिन्ह मोकळं झालं. मोकळी चिन्हं पुन्हा कुणाला तरी दिली जातात, हे मला माहीत आहे. पण नोंद कधीपासून खरी आणि कधीपर्यंत खरी, हे मी लिहिलंच नव्हतं. बावीस वर्षं हा कोश मी सांभाळतोय. अर्धा हिंदी महासागर माझ्या कोशावर विसंबून आहे. बालाजींनाही पडद्यावर अंटार्क्टिकाच दिसलं असणार. त्यांना वाटलं असेल, तळावरचे लोक बघून घेतील.”

“आपल्या रेडिओवर सरळ का नाही आली ती?”

“तो सिग्नल वर जाऊन आकाशातल्या थरावर आपटतो आणि खूप लांब खाली उतरतो. मधले आपण कोरडेच.”

आजोबांनी फाइल उघडून ती नोंद खोडली. नवी लिहिली, तारखांसह. मनवाने सर्व्हरला विचारलं : एटी९एसएम कुठे? उत्तर आलं : अंटार्क्टिका.

मनवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “अजून तेच म्हणतोय!”

“त्याने सुरू होताना वाचलेला कोश त्याच्या स्मृतीत आहे. कागद बदलला तरी त्याला कसं कळणार? पुन्हा वाच, असं सांगावं लागतं.” ती आज्ञा मनवाने टंकली. सर्व्हरने कोश नव्याने वाचला. पाचही जुन्या ओळींपुढचं ठिकाण बदललं. त्या ओळी दोन दिवसांपूर्वीच थांबल्या होत्या, त्यात मात्र काही बदललं नाही.

बंदरावर जुन्या धाटणीच्या इंजिनाची एकच बोट चालू होती. ती दुसऱ्याच बेटांकडे गेली होती, कारण तिथून हाका ऐकू आल्या होत्या आणि इथून ‘काहीच नव्हतं’. रेडिओवरून तिला वळवायला संध्याकाळ झाली. बोटीचा तांडेल (प्रमुख खलाशी) म्हणाला, “पोचायला तीन दिवस लागतील, डॉक्टर. वारा उलटा आहे.”

ते तीन दिवस कसे गेले ते मनवाला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. आजोबा जेवत नव्हते. ती एकदा त्यांच्यावर ओरडली, “तुमच्यामुळे झालं सगळं!” आणि आजोबा नुसते “हो” म्हणाले. ते ‘हो’ ऐकून तिला स्वतःचीच भीती वाटली. मग दोघं एकमेकांशेजारी बसून राहिली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती कोशातली एकेक नोंद तपासू लागली. तीनशे बारा नोंदी. त्यातल्या एकोणचाळीस शिळ्या निघाल्या.

बोट पोचली. चौघांपैकी तिघं जिवंत होती. प्लास्टिकच्या कागदाखाली समुद्राचं पाणी वाफवून, थेंब थेंब गोळा करून ती जगली होती. सुहेल वादळानंतरच्या दहाव्या दिवशी दुपारीच गेला होता. सिग्नल भर दुपारी चांगला जातो, म्हणून तो रोज भर उन्हात अँटेना धरून उभा राहत असे.

आई घरी आली तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते आणि ती फार बोलत नव्हती. एकदाच म्हणाली, “तो रोज म्हणायचा, ताई, कुणीतरी नक्की ऐकतंय.” आजोबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हरच्या तारा काढायला घेतल्या.

“बंद करतो,” ते म्हणाले. “चुकीचं सांगणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा बरा.”

मनवाने त्यांचा हात धरला. “मग दिवसाला तीन हजार ओळी कोण वाचणार? चाळणी तर लागेलच, आजोबा. कोश लिहून ठेवला की झालं असं नाही ना, माणसांना पुन्हा पुन्हा विचारायला हवं.”

आजोबांना ते पटलं की ते फक्त थकले होते, हे तिला कळलं नाही. पण त्यांनी तार सोडली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मनवा रेडिओवर हजेरी घेते. कोशातलं एकेक चिन्ह पुकारते. उत्तर आलं की नोंदीवर त्या दिवसाची तारीख पडते. दोन महिने उत्तर नाही आलं की नोंद बाजूला निघते. पहिल्या रविवारी फक्त अकरा जण बोलले. बालाजीगुरुजी त्यात होते. त्यांना बोलताना हुंदका आवरेना. जूनपर्यंत दीडशे झाले. खालच्या गावातली चार मुलं आता रेडिओ परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला टेकडीवर येतात. आई अजून रेडिओच्या खोलीत येत नाही.

जुलैच्या एका रविवारी हजेरी संपत आली असताना एक अनोळखी, नवखा आवाज आला. मुलगी अडखळत बोलत होती.

“मी जयगडहून नसीमा मुजावर. सुहेल माझा भाऊ. मला परवा परवाना मिळाला. माझी नोंद घ्याल का?”

मनवाने आजोबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. तिने माईकचं बटण दाबलं.

“घेते, नसीमाताई. चिन्ह सांगा, सावकाश. आणि कधीपासून लिहू?”

पलीकडे थोडी खरखर झाली.

“आजपासून,” नसीमा म्हणाली.