झालं म्हणायचं नाही

"घरात बोलता तो शब्द कुलपाला देऊ नका," नफीसा मुकादम म्हणाल्या. "सगळे हाच मागतात आणि मी सगळ्यांना हेच सांगते."

"ताई, कामाचा शब्द आहे तो," केतकी हसली. "काम संपल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?" कडेवरच्या उर्वीचं नाक पुसत ती यंत्रापुढे वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "झालं." मग तिचा नवरा हृषीकेश म्हणाला. दोन ठसे नोंदले गेले.

'शिंपला' ही वेंगुर्ल्यासमोर नांगरलेली तरंगती प्रयोगशाळा. समुद्री शेवाळाच्या टाक्या, वर दोन खोल्या, आणि खाली सगळ्यांना वीज पुरवणारा डिझेल जनरेटर. वीज कमी पडली की तो आपोआप सुरू होई. धोका तोच होता. त्याच्या पोटात कोणाचा हात असताना तो सुरू होता कामा नये. म्हणून नफीसाताईंनी वाचाकुलूप घडवलं होतं. झाकण उघडलं की जनरेटर बांधला जाई. नोंदलेल्या माणसाने ठरलेला शब्द उच्चारला की सुटे. खाली आवाज फार, म्हणून कुलपाचे कान प्रत्येक खोलीत बसवले होते.

जनरेटरवर जुनी पितळी पाटीही होती : 'हात घालण्याआधी बॅटरी तोडा. किल्ली खिशात ठेवा.' हृषीकेश तिच्यावर टोपी अडकवत असे.

एका दुपारी तो पंपाचा पट्टा बदलत असताना जनरेटर अचानक धडधडला. पट्ट्याने हातमोजा ओढून नेला. मोजा ढगळ होता म्हणून हात मागे राहिला. मोज्याच्या चिंध्या पलीकडून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी नफीसाताई होडीने आल्या. त्यांनी कुलपाचा पडदा उघडला.

"परवानगी केतकीने दिली आहे."

"मी? मी तर वर होते. उर्वी धडपडली, तिला उचलून घेतलं आणि..." केतकी थांबली. "'झालं झालं, काही नाही झालं' म्हणत होते."

"वा!" हृषीकेश म्हणाला. "लेकीच्या गुडघ्यावर फुंकर आणि नवऱ्याच्या हाताचा चुरा!"

"पण ताई, मी कुजबुजत होते. रडवेली झाले होते. तो माझा नेहमीचा आवाज तरी होता का?"

"कुलूप आवाज ऐकतच नाही. धुराने घसा बसतो, तोंडावर मास्क असतो, माणूस ओरडतो. आवाजावर विसंबलं तर कुलूप कधी उघडायचंच नाही. ते ऐकतं बोलण्याची ढब. जीभ टाळूला कुठे टेकते, श्वास कुठे सुटतो, शब्दाचं शेपूट वर जातं की खाली. याला मी उच्चारठसा म्हणते. शब्द बोबडा आला तरी ठसा तोच राहतो."

"हे मात्र खरं," हृषीकेश म्हणाला. "फोनवर ही कुठली आणि हिची आई कुठली, मला कळत नाही. एकदा सासूबाईंना 'काय गं वेडे' म्हणून बसलो होतो."

तिघंही हसले. केतकी जरा उशिरा हसली.

शब्द बदलायचा तर कुलूप बंदरावर न्यावं लागणार होतं आणि एक ठसा पुसला तर कुलूप चालणारच नव्हतं. तोवर केतकीने तोंड सांभाळायचं ठरलं. उर्वी रडली की ती आता नुसतं "हूं हूं" करी.

तरीही जनरेटर पुन्हा सुरू झाला. झाकण उघडं होतं. हृषीकेश नुकताच तेल बघून सरळ झाला होता.

"तू म्हणालीस."

"नाही रे. मी तिला भरवत होते."

"पडद्यावर तुझं नाव आहे, केतकी."

नाव होतंच. ती बघत राहिली. आपण म्हणालो असू का? झोप अशी होतच नव्हती. सकाळी चहात दोनदा साखर पडली होती. तोंडाने काही निसटलं आणि कानांनी ऐकलंच नाही, असं होतं का माणसाचं? तिने दिवसभर स्वतःवर कान ठेवला. संध्याकाळपर्यंत तिला आपण काय बोललो आणि काय नुसतं मनात म्हणालो, हेच कळेना.

"बॅटरी तोडून काम करत जा ना," ती म्हणाली.

"सगळी मापकं नव्याने लावावी लागतात मग. दोन मिनिटांचं काम असतं गं. तू फक्त गप्प राहा."

आठवड्याने तो नवा पट्टा ताणायला उतरला. तो हत्यारं काढत असताना केतकी मागून गेली, बॅटरीचा खटका पाडला, किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि काही न बोलता वर आली. मग ओढणीचं टोक दातांत घट्ट धरलं. आता शब्द निसटला तर ओढणी सुटेल, म्हणजे कळेल तरी.

ती उर्वीला मऊ भात भरवू लागली. चार घास झाल्यावर उर्वीने वाटी ढकलली, दोन्ही तळवे उलटे केले आणि म्हणाली, "झायं."

केतकीच्या कानांनी टिपलेला पहिला शब्द. मागच्या वेळीही ती भरवतच होती. सुरुवातीला लांबवलेला, शेवटी वर उचललेला. अगदी केतकी म्हणते तसा.

ओढणी दातांतच होती. भिंतीवरचा पडदा हिरवा झाला : 'केतकी. परवानगी.' आणि खालून कुलूप सुटल्याचं फक्त 'टक्' ऐकू आलं.

"केतकी!" हृषीकेशचा आवाज चिरकला. "माझे दोन्ही हात आत आहेत! कोण बोललं?"

आईचा चेहरा बघून उर्वी खूश झाली. "झायं! झायं!"

टक्. टक्.

केतकीने तिला छातीशी आवळलं. तिला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. जी ढब तिने आईकडून उचलली, तीच तिने लेकीला दिली होती. वर्षभर, झोपवताना, भरवताना, फुंकर घालताना. कुलूप एकदाही चुकलं नव्हतं.

तसलीच कुलपं किनाऱ्यालगतच्या कितीतरी तराफ्यांवर होती, आणि शब्द तोच. रेडिओवर बोलायची तिची हिंमत झाली नाही. एका हाताने लेकीला धरून ती सगळ्यांसाठी टाइप करू लागली :

'हे वाचत असाल तर हाक मारू नका. तुमच्यापैकी कोणी आत्ता खाली जनरेटरशी वाकलं असेल. जाऊन बघा. बॅटरीची किल्ली त्याच्या खिशात आहे का, हात लावून बघा. घरात मूल बोलू लागलं असेल, तर धावत जा. वाचून झालं असेल, तर तसं म्हणू नका. जा.'