तिसऱ्या मजल्यावरची जमीन

बोलिव्हियाला जाणाऱ्याने आधी 'संस्कृती आणि सुरक्षितता' हा परिचयवर्ग पूर्ण करायचा, असा जपानमधल्या सेंदाईच्या आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. वैश्विक किरण मोजणारा आमचा डिटेक्टर ला पाझच्या वरच्या डोंगरात बसवायचा होता. तो मी बांधला होता. वर्गाची सही मिळाली नाही, तर माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी जाणार होतं.

वर्ग हिगा-सान घ्यायच्या. ओकिनावाहून बोलिव्हियात गेलेल्या कुटुंबात जन्मलेल्या, साठीच्या, आवाज न चढवणाऱ्या बाई. त्यांचं बहुतेक सगळं मला पटलं. तिथली हवा विरळ, म्हणून पहिल्या दिवशी म्हातारीसारखं हळू चालायचं, जेवण निम्मं, रस्त्यात मोबाईल बाहेर काढायचा नाही, टॅक्सी फोन करूनच बोलवायची. मग त्यांनी दोन कपांत चहा ओतला आणि स्वतःच्या कपातले थोडे थेंब राखाडी लिनोलियमच्या फरशीवर सांडले.

"पिण्याआधी जमिनीला. तिकडे डोंगरात अशीच रीत आहे. आता तुम्ही."

"हा तिसरा मजला आहे," मी म्हणाले.

"खाली जमीन आहेच ना?"

मी थेंब टाकले. ते गोल, चकाकत तसेच राहिले. हिगा-सानचे मात्र दिसेनात. डागही नव्हता. मी बोट लावून पाहिलं. फरशी कोरडी होती, किंचित कोमट.

"तुमचं घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या. सही तेव्हा करू."

पुढच्या आठवड्यातही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी जागा बदलली, त्यांच्याच कपातला चहा टाकला, फरशी आधी अल्कोहोलने पुसून घेतली. त्यांनी टाकलेलं जायचं. मी टाकलेलं राहायचं आणि शेवटी मीच ते टिश्यूने टिपायचे. कारण सापडत नव्हतं याचा राग होताच. त्याहून जास्त राग याचा, की एका फरशीपायी माझं जाणं अडलं होतं.

घरी माझ्या नवऱ्याला, अनुपला, हसू आवरेना. "पीएचडी झालीस आणि फरशीने नापास केलं तुला!" आमची पाच वर्षांची साईही त्याच्याबरोबर खिदळली.

शेवटच्या वर्गातही थेंब राहिलेच. वैतागून मी जमिनीवर बसले आणि जेवणाचा डबा उघडला. हवंय ना, मग नीट देते. माझे बाबा जेवणाआधी चित्राहुती घालायचे: ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला भाताचे लहान घास ठेवायचे. आमच्याकडे बायका घालत नाहीत, म्हणून मी कधी घातली नव्हती. मी डब्याभोवती पाणी फिरवलं. घास ठेवले.

"काय करताय?" हिगा-सान टेबलापाशी कागद आवरत होत्या.

मी खाली पाहिलं. पाणी नव्हतं. घास नव्हते.

हिगा-सान कागद तसेच टाकून जवळ आल्या.

"घोट द्यायचा असतो, ईश्वरी-सान. जे येतं, ते तेवढ्यावर दारातून परत जातं." त्या दोन पावलं मागे सरल्या. "तुम्ही जेवायला बसवलंत."

"मग आता?"

त्यांनी सही केली, कोट उचलला आणि निघून गेल्या. दिवेही तसेच ठेवून.

मी पुन्हा विचारायला गेले नाही. मला सही मिळाली होती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अनुपने साईला पाळणाघरातून आणलं आणि लगेच पानं वाढली. माझी बॅग दारात उभी होती. मी लोणच्याची बरणी घेऊन वळले.

"साई, सगळे बसेपर्यंत थांबायचं ना गं," अनुप म्हणाला.

साईच्या ताटातली भाताची मूद उजव्या बाजूने खुडलेली होती. चिमटी चिमटी, एका ओळीत, चित्राहुतीच्या घासांएवढी.

"मी नाही खाल्लं," साई जपानीत म्हणाली.

तिचे लोकरी हातमोजे अजून हातांत चढवलेलेच होते.

माझं विमान सकाळचं होतं; साई इथेच राहणार होती. माझ्या ताटाला कुणीही हात लावला नव्हता.