तीन टक्के आणि सायलस मेरो

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी आमच्या प्रचार ऑफिसचं दार ढकलून एक उंच माणूस आत आला. टोपीवर बर्फ, हातात जाड हातमोजे, आणि चेहऱ्यावर काहीतरी विचारायचं असल्यासारखा भाव. मी त्याला विचारूच दिलं नाही.

"आलात? बरं झालं. बसा इथं." मी फोन आणि नावांची यादी त्याच्यापुढे सरकवली. "वरून सुरुवात करा. आधी त्यांचं नाव, मग हवामान, मग मार्गो टिल्डन. कुणी फोन आपटला तर मनाला लावून घेऊ नका."

तो यादीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्यानं हळूच टोपी काढली... कपाळावर ओले केस चिकटले होते.

"हवामानाबद्दल काय बोलू?"

"थंडी आहे म्हणा."

"ते इथं बसूनच कळतंय," तो म्हणाला, आणि बसला.

खरंच गारठा होता. आठवडाभर ऑफिसात कोट घालून काम चाललं होतं. घरमालकाला दहा निरोप धाडून झाले होते. दुसऱ्या दिवशी खोली छान उबदार झाली आणि मला वाटलं, त्याला शेवटी आमची दया आली.

मी कोरीन थिबोडो. दिवसा ॲशबी मिल्स गावाच्या वाचनालयात काम करते. त्या हिवाळ्यात उरलेला सगळा वेळ मार्गोबाईंना दिला होता. त्या पश्चिमेकडच्या एका छोट्या राज्याच्या माजी गव्हर्नर. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला उभ्या होत्या, आणि त्या लढतीचा पहिला मोठा कौल आमचं न्यू हॅम्पशर देणार होतं. सप्टेंबरात त्या वाचनालयात बोलायला आल्या तेव्हा समोर अकरा माणसं होती. भाषण संपल्यावर बाईंनी स्वतः खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं.

मतदानपूर्व चाचण्यांमध्ये त्यांना तीन टक्के होते. प्रतिस्पर्धी सेनेटर लॅथ्रॉपना एक्केचाळीस.

अशा ऑफिसात कुणी आपण होऊन रोज येतो तेव्हा शंका यायला हवी. मला जरा उशिरा आली.

सायलस — त्याचं नाव सायलस मेरो — रोज चारला यायचा. फोन करायचा, शनिवारी माझ्याबरोबर दारोदार हिंडायचा. आणि त्याला नको इतकं माहीत असायचं. कुठल्या घरचा कुत्रा चावतो, कुठल्या म्हातारीला कमी ऐकू येतं, कुणाच्या तळघरात पाणी शिरतं.

"तुला हे सगळं कसं ठाऊक?" मी एकदा विचारलं. आमचं 'तुम्ही' कधीच बर्फात पडलं होतं.

"लोकांच्या घरी जातो मी."

"कशाला?"

"ऊब द्यायला." तो गालात हसला.

"हे उत्तर झालं?"

"खरं आहे ते."

"असली खरी उत्तरं मी वाचनालयात रोज ऐकते. पुस्तक हरवलेले लोक देतात."

तो मोठ्यानं हसला, आणि पायरीवर माझा पाय घसरला तेव्हा त्यानं कोपर धरलं. सोडायला थोडा उशीर केला... मीही आठवण करून दिली नाही. रस्ता संपेपर्यंत कोपराला त्याचा हात जाणवत होता, आणि त्याचाच मला राग येत होता.

कारण त्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. आम्ही ज्या ज्या घरी जायचो, तिथं दोन दिवसांत लॅथ्रॉपची माणसं पोचायची. तीच गल्ली, तीच दारं. गुरुवारी मी बँकेतून निघाले तर समोर लॅथ्रॉपच्या चकचकीत ऑफिसातून सायलस बाहेर येत होता. हातात त्यांचाच कॉफीचा कप. दारातल्या मुलीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती म्हणाली, "उद्या नक्की ये हं, तुझ्यावाचून आमचं काही खरं नाही."

मी खांबाआड उभी राहिले. गाल गरम झाले होते, इतक्या थंडीत.

ऑफिस सांभाळणाऱ्या नॅडीनला सांगायला हवं होतं. पण आधी मला खात्री करायची होती. खरं तर त्याला पकडायचं होतं, अगदी स्वतःच्या हातानं.

"एक सांगू?" शुक्रवारी मी यादीवरून नजर न उचलता म्हटलं. "रविवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी आहे ना, तिथं मार्गोबाई येणार आहेत. नऊ वाजता, गुपचूप. कुणाला बोलू नकोस. फक्त तुला सांगतेय."

"मलाच का?"

"विश्वास आहे म्हणून."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर वाटलं, खोटं मागे घ्यावं. घेतलं नाही. बाई त्या दिवशी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावात असणार होत्या. लॅथ्रॉपचे लोक प्रचाराच्या पाट्या घेऊन न्याहारीला आले, की सायलसच बातम्या पुरवतो हे सिद्ध.

रविवारी मी नऊला पोचले. केंद्रात गावातली तीस-चाळीस माणसं, मेपल सिरपचा वास, बाहेर काढून ठेवलेले बंब. लॅथ्रॉपची एकही पाटी नव्हती. दारापाशी मात्र सायलस होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ कोट आणि टाय घालून ताठ बसले होते. पॅनकेकना हात लावला नव्हता. हातात घडी घातलेला कागद होता.

"हे माझे आजोबा, आल्डन," सायलस म्हणाला. "कागदाची गिरणी बंद झाली त्या वर्षापासून मतदान केलेलं नाही. बाईंना एकच प्रश्न विचारायचाय म्हणतात... त्या निघाल्यात ना?"

मी साडेनऊपर्यंत तिथं बसले. दार उघडलं की आजोबा टायची गाठ सारखी करायचे. शेवटी मी सायलसला बाहेर बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. याद्या, लॅथ्रॉपचं ऑफिस, तो कप, सापळा.

त्यानं बुटाच्या टोकानं बर्फ उकरला.

"बॉयलर," तो म्हणाला.

"काय?"

"मी घरं उबदार ठेवणारे बॉयलर दुरुस्त करतो, कोरीन. लॅथ्रॉपच्या ऑफिसातला बिघडला होता. तुमचाही. त्या बुधवारी मी तेवढ्यासाठीच आलो होतो. तू हातात फोन दिलास. संध्याकाळी मागच्या दारानं तळघरात उतरून काम संपवलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर फोन परत घेतला असतास." तो थांबला. "ते मला... नको होतं."

"म्हणजे बाई येणारच नव्हत्या," तो सावकाश म्हणाला. "आजोबांनी आज दोनदा दाढी केली."

तो आत गेला, आजोबांना कोट घालायला मदत केली आणि त्यांना गाडीत बसवून निघून गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सोमवारी चार वाजले, पाच वाजले, तो आला नाही. मी नॅडीनला सगळं सांगितलं. ती कपाळ चोळत म्हणाली, "अगं, मतदारांची यादी सगळ्यांकडे तीच असते. ज्यांचं ठरलेलं नाही, त्यांच्याच दारी सगळे जातात. लॅथ्रॉपनं आपल्यावर हेर कशाला सोडावा? तीन टक्क्यांवर?"

"मला बाईंची वीस मिनिटं हवीत."

"आठ दिवस उरलेत, कोरीन."

"एका मतासाठी."

नॅडीननं माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला.

मी सायलसला त्याच्या गाडीपाशी गाठलं. तो कुणाच्या तरी तळघरातून वर येत होता, हात काजळीनं काळे.

"बुधवारी दुपारी तीन वाजता बाई आजोबांच्या स्वयंपाकघरात येताहेत," मी म्हटलं.

"असं?" त्यानं हत्यारांची पेटी गाडीत ठेवली. "आणि कोण येणार नाही, ते बघायला तू कुठं लपणार आहेस?"

"तुमच्याच टेबलाशी बसेन. त्या आल्या नाहीत तर आजोबांना माझ्या तोंडानं सांगेन, मी खोटारडी आहे म्हणून."

"त्यांना आणखी एकदा टाय बांधायला लावणार नाही मी."

"नको. आल्यावर बांधू देत."

बाई तीनला पाच मिनिटं असताना आल्या, एकाच मदतनीसाबरोबर. पायातले बूट दारात काढले. आजोबा टायशिवायच होते. त्यांनी कागद उघडला, पण वाचला नाही.

"तुमच्यासारखे दर चार वर्षांनी येतात," ते म्हणाले. "मंगळवारी मतं पडतात. बुधवारी तुम्ही कुठं असता?"

मदतनीस चुळबुळला. बाईंनी कप खाली ठेवला.

"दुसऱ्या राज्यात," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर, तुमचं नाव बहुधा विसरलेली असते. म्हणून लिहून घेते आहे. स्पेलिंग सांगा."

आजोबांनी सांगितलं. मग गिरणीबद्दल सांगितलं, पेन्शनबद्दल, नदीबद्दल. वीस मिनिटांची पन्नास झाली. मी सिंकपाशी उभी राहून कप विसळत होते. शेजारी सायलस एकेक कप पुसत होता. शेवटचा कप माझ्या हातातून घेताना त्याची बोटं तिथंच राहिली.

मंगळवारी आजोबा शाळेतल्या मतदान केंद्रावर आले, तिथंच नाव नोंदवलं आणि मत दिलं. कुणाला, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मार्गोबाई राज्यात तिसऱ्या आल्या, तेरा टक्के. ॲशबी मिल्समध्ये मात्र पहिल्या, एकोणीस मतांनी. तीन टक्क्यांची म्हणून ज्यांनी त्यांना हिशेबात धरलं नव्हतं, त्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मोठा फोटो छापला होता.

आम्ही ऑफिस आवरत होतो. सायलस पाट्यांचे गठ्ठे बांधत होता. चारची वेळ नव्हती, तरी आला होता.

"नॅडीन म्हणाली, तुला पुढच्या मतदानाच्या प्रचारासाठी साउथ कॅरोलायनाला बोलावलंय," तो म्हणाला.

"तीन आठवडे. वाचनालयानं रजा दिलीय." मी दोरीशी खेळत राहिले. "जाऊ?"

"तिथं थंडी नसते. माझा काही उपयोग नाही."

"सायलस."

"जा. त्यांना तुझी गरज आहे." तो गाठ आवळत राहिला, गरजेपेक्षा जास्त. "आणि मला... मलाही आहे. पण मी थांबू शकतो."

बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला. मी त्याच्या हातातून दोरी काढून घेतली.

"मी परत येईन. तीन आठवड्यांनी, शनिवारी. माझ्या शब्दावर विश्वास आहे?"

त्यानं खरोखर विचार केला. मला ते आवडलं.

"अजून पूर्ण नाही," तो म्हणाला, आणि माझ्या गालावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "पण विमानतळावर घ्यायला येतो."