पट्टी तीन दिवसांनी

"हात काढा आधी. आईची कातडी सोलताय काय?"

श्रीशैलशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोन हजार दोनचा श्रावण. जयसिंगपूरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी ड्रेसिंगची सिस्टर होते, आणि हा उंच, सावळा गडी बाकावर बसून आईच्या टाचेवरची वाळलेली पट्टी स्वतःच उचकटत होता. त्यानं मान वर केली. पापण्यांवर भुरभुर पावसाचे थेंब तसेच होते... मी चटकन नजर जखमेकडे वळवली. नर्सनं जखमेकडेच बघावं.

"रोज मीच काढतोय की," तो म्हणाला. "कबनूरला माग हायेत आमचे. हे बँडेजचं कापड आमच्याच मागावरचं. एकदम स्वच्छ हाय."

"असेल हो स्वच्छ. पण कोरडं लावलं की चिकटतंय, आणि ओढलं की नवी आलेली कातडी त्याच्याबरोबर निघून येतीया."

त्याचं तोंड एवढंसं झालं. आईचा पाय आपल्याच हातानं बिघडवला, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं?

त्याच्या आईला, रत्नव्वांना, साखरेचा आजार. गोठ्यात टाचेत खिळा रुतला आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पंधरा दिवसांत साफ झाली नाही तर पाय कापावा लागेल.

मग रोज सकाळी तो आईला, अव्वांना, गाडीवर मागं बसवून आणू लागला. डॉक्टर मेलेलं मांस काढत. मी सलाईननं जखम धुवायची, ओलं गॉज भरायची, वर कोरडी पट्टी. घाण जखम रोज उघडून बघावीच लागते. तो आईचा पाय मांडीवर धरून बसायचा आणि माझ्या बोटांकडे बघत राहायचा.

"तुम्ही लावलं की दुखत न्हाय म्हणतीया अव्वा," तो एकदा म्हणाला.

"ते सलाईनमुळं."

"सलाईन मी बी आणलं असतं की... हात कुठनं आणू?"

माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, अशी माझी ख्याती. त्या दिवशी मात्र मी पट्टीची एकच गाठ दोनदा बांधली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी होते, हेही सांगून टाकते.

बाराव्या दिवशी जखम लालचुटुक, स्वच्छ दिसली. पाय वाचला होता.

"क्रांती, आता काय लावायचं? तूच सांग," डॉक्टर म्हणाले.

ओलं गॉज चालू ठेवलं, तर तो रोज येणार. मलमाची जाळी लावली तर ती चिकटत नाही, पण तीन दिवस उघडायचीही नाही. खोटं कशाला बोलू — 'रोज' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण अव्वांच्या टाचेवरचं ते कोवळं मांस समोर दिसत होतं.

"जाळी," मी म्हणाले. "पट्टी तीन दिवसांनी."

"रोज आलो तर बिघडंल काय, सिस्टर?" श्रीशैलनं हळूच विचारलं.

"जखमेचं बिघडेल."

ते गेले, आणि मी सामानाच्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. एकटाच.

"अव्वा कुठं आहेत?" मी हातातला ट्रे तसाच ठेवून पुढे आले.

"घरात. झ्याक हाय ती."

"आज पट्टी नाही."

"म्हाईत हाय." तो रुमालाची घडी उलगडत राहिला. "काल तुम्ही 'रोज या' म्हणणार हुता... व्हय का न्हाय?"

मी मान खाली घातली. "व्हय."

"मग म्हणाला का न्हाईसा?"

"अव्वांचा पाय होता."

त्यानं रुमालाची परत घडी केली आणि खिशात घातली.

"रोज या म्हणाला असता, तर मी खुशीनं आलो असतो," तो म्हणाला. "पण लग्नाचं इचारायला आलो नसतो. आज त्यासाठीच आलोय."

बाहेर ऊन-पाऊस एकदमच चालू होता. मला हसू येत होतं, आणि रडूही.

"परवा अव्वांना घेऊन या," मी म्हणाले. "पट्टी बदलायची आहे."

"आणि माझं?"

"ते अव्वांनाच विचारीन. लिंगायताच्या घरात मराठ्याची सून चालेल का म्हणून."