चोवीस नंबरचा बाण

स्फोटाची बातमी नरोलीत पोचली तेव्हा कारभारी खोलीवर बायकोची, पुतळाची, वाट बघत होता. कामावर जाताना ती कणीक मळून, ताटलीखाली झाकून गेली होती. आल्यावर पोळ्या लाटणार होती. खडोलीच्या रंगाच्या कारखान्यात टाकी फुटली आणि पुतळा गेली.

त्याच आठवड्यात तो सिल्वासात प्रमिला तिरोडकरांकडे आला. प्रमिलाताई खासगी तपास करायच्या. अरविंद त्यांचा मदतनीस.

“मॅनेजरनं नोंद केली, सूचना लावलेली होती, तिनं वाचली नाही,” कारभारी म्हणाला. “मॅडम, ती रोज वाचे. सगळ्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवे. तेवढं वाक्य खोडा. मग मी धुळ्याकडे निघून जातो.”

प्रमिलाताई अरविंद आणि कारभारीला घेऊन कारखान्यात गेल्या. तिथं मॅनेजर रमाकांत दळवींनी केबिनमधल्या संगणकावर सूचना दाखवली. भाषा हिंदी, अक्षरं इंग्रजी. चौथी ओळ अशी होती, की दाबाचा काटा लालवर गेला तर काम बंद करून बाहेर पळा. ओळीच्या शेवटी वर जाणारा बाण.

“तो टायपिस्टनं टाकलाय. हौशी आहे,” दळवी म्हणाले.

अरविंदनं बाण पाहिला आणि मान वर करून छताकडेही पाहिलं.

“अरविंद, वर पंखा आहे,” प्रमिलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या टाकीवरचा कागद त्यांनी काढून आणवला. त्यावर चौथ्या ओळीच्या जागी काहीच नव्हतं. दळवींनी टायपिस्ट श्रुतीवर बोट ठेवलं. छापताना तिनंच ओळ गाळली, तिला कामावरून काढलंय, म्हणाले.

श्रुती तिच्या टेबलाशी सामान आवरत रडत होती. तिनं बाण टाकला नव्हता. दळवीसाहेबांनी तपासून परत दिलेली फ्लॉपी तिनं न वाचता छापली होती. प्रमिलाताईंनी तिला तिच्या संगणकावर घरचा पत्ता टाइप करायला लावला. आकडे तिनं कीबोर्डच्या वरच्या रांगेतून घेतले. चहा सांडल्यापासून उजवीकडच्या आकड्यांच्या कळा मेल्या होत्या.

बाहेर खोकी रचलेली होती. लेबलं छापील, ‘ही बाजू वर’ दाखवणारा बाण मात्र शिक्क्याचा. साहेबांनीच शिक्का करून घेतला, असं श्रुती म्हणाली.

टाकीवरच्या बायडाबाईनं सांगितलं, की आधी हातानं लिहिलेला कागद होता. काटा लालवर गेला की सगळ्या काम सोडून पळायच्या, माल वाया जायचा, साहेब शिव्या द्यायचे. मग छापील कागद आला.

“पुतळानं दोनदा वाचला. म्हणाली, पळायचं लिहिलं नाही, म्हणजे आता जागेवरच थांबायचं असेल.”

“म्हणजे वाचला होता,” कारभारी म्हणाला.

प्रिंटरची पुस्तिका चाळून प्रमिलाताईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. श्रुतीनं तीच सूचना छापली. चौथी ओळ कोरी. बाण पुसून पुन्हा छापली. ओळ आली.

“संगणकात प्रत्येक खुणेला आकडा असतो,” त्या म्हणाल्या. “वरच्या बाणाचा चोवीस. पडद्याला चोवीस म्हणजे बाण. या प्रिंटरला चोवीस म्हणजे हुकूम, की ओळीत आतापर्यंत आलेलं टाकून दे. म्हणून बाण शेवटी हवा होता. चौकशी झाली तर पडद्यावर सूचना दाखवता येते, कागदावर ती नसते.”

“मग श्रुतीनंच...” अरविंद म्हणाला.

“बाण टाकायला ऑल्टची कळ दाबून उजवीकडच्या आकड्यांतून चोवीस टाइप करावं लागतं. वरच्या रांगेतून जमत नाही. तिच्याकडे ते आकडे बंद आहेत. दुसरा संगणक फक्त केबिनमध्ये आहे.”

“मला काय माहीत प्रिंटरचं?” दळवी म्हणाले.

“लेबलांवरचा बाण असाच ओळ खात होता. म्हणून तर तुम्ही शिक्का केलात. बायांनी काम थांबवू नये, एवढंच तुम्हाला पाहिजे होतं.”

दळवी उठून दाराकडे निघाले. अरविंद दारात उभा राहिला.

कारभारीनं नंतर छापलेला कागद उचलून चौथ्या ओळीवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं. श्रुतीनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

संध्याकाळी पोलीस दळवींना घेऊन गेले. श्रुती कामावर राहिली.

कारखान्याच्या नोंदीत पुतळानं सूचना वाचली नाही, असंच आहे. ते वाक्य अजून कुणी खोडलेलं नाही.